जहाजांना थांबवणारं शहर

व्हेनिसच्या दक्षिण अंगाला ज्युदेक्काचा कालवा आहे. कालवा म्हणतात खरं, पण पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही इतकं पाणी मध्ये पसरलेलं आहे. या पाण्यावर नवसाची दोन चर्च उभी आहेत. १५७५ ते १५७७ या काळात प्लेगनं शहरातली पंचेचाळीस-पन्नास हजार माणसं नेली, तेव्हा इथल्या सिनेटनं नवस बोलला आणि पाल्लादिओ या थोर वास्तुकाराकडून रेदेन्तोरे बांधून घेतलं. १६३० साली प्लेग पुन्हा आला, शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. त्या वेळच्या नवसाचं चर्च म्हणजे सांता मारिया देल्ला सालुते, आरोग्यमातेचं. कालव्याच्या तोंडाशी दहा लाखांहून जास्त लाकडी खुंट चिखलात ठोकून त्यांवर ते उभारलं. नवस फेडणं अजून चालू आहे. जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या सुमाराला पाण्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि लोक चालत रेदेन्तोरेला जातात. २१ नोव्हेंबरला सालुतेत मेणबत्त्या लावायला रीघ लागते.

२०२१च्या उन्हाळ्यापर्यंत याच पाण्यातून, या दोन नवसांच्या मधून, क्रूझ जहाजं जायची. तीनशे मीटर लांब, साठ मीटरांच्या घरात उंच. झात्तेरेच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोरचा काठ, घरं, आभाळ सगळं काही मिनिटं नाहीसं व्हायचं आणि सर्वांत वरच्या डेकवरून प्रवासी खालच्या शहराचे फोटो काढत असायचे. मी गेले तेव्हा ती जहाजं तिथून हद्दपार झालेली होती. ती कुठे गेली आणि त्यांनी मागे काय ठेवलं, हेच मला बघायचं होतं.

मी माझगावात वाढले. बाबा बीपीटीत होते, म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये. गोदीचे भोंगे, धक्क्यावरची धूळ, वाळत घातलेल्या चादरींवर बसणारी काळी भुकटी यांत आमचं लहानपण गेलं. आता बॅलार्ड पिअरला मोठं क्रूझ टर्मिनल झालं आहे. २०२४च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातूनच ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झालं. २०२९पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे, हे त्याचं उद्दिष्ट. वर्तमानपत्रांत दिव्यांनी लखलखलेल्या जहाजांची चित्रं येतात. ही जहाजं रोज दाराशी येऊन उभी राहिली की त्या शहराचं काय होतं, हे ज्यांनी सोसलं त्यांच्या गावी जाऊन पाहावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी पादुआच्या विद्यापीठात खाडीतल्या गाळावर संशोधन करते. तिला इटालियन येतं, लोकांशी बोलायला लाज वाटत नाही आणि पायी हिंडायची सवय आहे. ती म्हणाली, “मावशी, जहाजांचं समजून घ्यायचं तर आधी लाझारेत्तोला चल. सगळे सान मार्कोच्या चौकात जातात, आपण उलट्या बाजूनं सुरुवात करू.”

शहराच्या उत्तरेला पाण्याच्या बसनं, म्हणजे वापोरेत्तोनं, लाझारेत्तो नुओव्हो नावाच्या लहानशा बेटावर जाता येतं. १४६८ साली व्हेनिसच्या सिनेटनं हे बेट जहाजांसाठी ठरवून दिलं. रोगाचा संशय असलेल्या बंदरातून आलेलं जहाज थेट शहरात यायचं नाही. इथे थांबायचं, साधारण चाळीस दिवस. त्याच्याही आधी, १४२३ साली, लिदोजवळच्या लाझारेत्तो वेक्किओ या दुसऱ्या बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालय काढलेलं होतंच. रोगी तिकडे, संशयित इकडे.

बेटावर तेझोन ग्रांदे नावाची शंभर मीटरहून लांब कोठाराची इमारत आहे. आत पाऊल टाकल्यावर डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागला. मग विटांच्या भिंतीवर लाल अक्षरं दिसायला लागली. गेरूसारख्या लाल रंगानं चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी काढलेली. व्यापाऱ्यांच्या खुणा, जहाजं कुठून आली त्याच्या नोंदी, राखणदारांची नावं, तारखा. रेघा कुठे ठसठशीत, कुठे हात थरथरल्यासारख्या. कापूस, लोकर, कातडी असा माल गाठोडी सोडून इथे पसरायचे, हमाल तो रोज वरखाली करायचे, ज्युनिपर आणि रोझमेरीसारख्या झाडपाल्याचा धूर द्यायचे. जंतू ही गोष्टच कुणाला ठाऊक नव्हती. तरी धोका कुठून येतो हे ठाऊक होतं: जहाजातून.

मला त्या कोठारात जे जाणवलं ते असं. व्हेनिसचं पोट जहाजांवर होतं. शेतजमीन नाही, खाण नाही. मिरी, रेशीम, मीठ, कापड, सगळं पाण्यावरून यायचं आणि पाण्यावरून जायचं. माल पडून राहिला की व्यापाऱ्याचा दर दिवशी तोटा. तरी त्या शहरानं आपल्याच पोटाला चाळीस दिवस बाहेर बसवलं, आणि बसवताना नुसतं पिटाळून लावलं नाही. बेट दिलं, छप्पर दिलं, देखरेखीला माणूस दिला, आजाऱ्यांसाठी वैद्य ठेवले. पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी आरोग्याचं कायमचं खातंच उघडलं आणि त्याच्या अधिकाऱ्यांना जहाज अडवायचा अधिकार दिला. एवढी समज असलेल्या शहराला आजच्या जहाजांच्या धुराशी झगडायला इतकी वर्षं का लागावीत, हा प्रश्न घेऊन मी तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साक्का फिझोलाला गेलो. ज्युदेक्काच्या पश्चिम टोकाचं हे भर घालून केलेलं बेट. इथे सरकारी वसाहतीच्या चार-पाच मजली इमारती आहेत, मुलांची मैदानं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. पर्यटक इथे फिरकत नाहीत. समोर पाण्यापलीकडे मारित्तिमा, म्हणजे जुना क्रूझ धक्का. प्रांताच्या पर्यावरण संस्थेचं हवा मोजायचं केंद्र याच बेटावर आहे.

एका इमारतीखाली बाकावर बसलेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंशी आमच्या पोरीनं बोलणं काढलं. बाईंनी आधी सविस्तर चौकशी केली, आम्ही कोण, कुठल्या, एकट्याच कशा आलो. मग म्हणाल्या की जहाज गेलं की तावदानं थरथरायची आणि टीव्हीवरचं चित्र जायचं, त्याची सवय झाली होती. शनिवार-रविवारी चार-पाच जहाजं एकदम लागलेली असायची. “ती थांबलेली असायची तेव्हाच जास्त त्रास,” असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटकन कळलं नाही. जहाज थांबलं की इंजिन बंद होत असेल असं आपण धरून चालतो.

तसं होत नाही, आणि बंदरातल्या माणसांच्या आरोग्याचा सगळा प्रश्न इथेच आहे. क्रूझ जहाज हे तीन-चार हजार माणसांचं हॉटेल. धक्क्याला लागलं तरी त्याचे दिवे, वातानुकूलन, स्वयंपाकघरं, धुलाईघर, पाणी गोडं करायची यंत्रं, फ्रीझर चालूच राहतात. त्याला काही मेगावॅट वीज लागते आणि ती जहाजातल्या डिझेलच्या जनित्रांवरच होते. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जनरेटर धडधडत असतो आणि शेजारच्या चाळीची झोप उडते, तसं हे. फक्त हा जनरेटर एका लहान गावाला पुरेल एवढा आणि मुहूर्त वर्षभर. सकाळी सातपासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत धुराडं सुरू.

त्या धुरात काय असतं? जहाजाचं परंपरागत इंधन म्हणजे शुद्धीकरण कारखान्यात सगळं काढून झाल्यावर तळाशी उरणारा दाट, काळा गाळ. तापवल्याशिवाय तो वाहतसुद्धा नाही. २०१९ संपेपर्यंत त्यात जगभर ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. १ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा ०.५ टक्के झाली. युरोपातल्या बंदरांत धक्क्याला लागलेल्या जहाजानं ०.१ टक्क्याचं इंधन वापरायचं, असा नियम २०१०पासून आहे, आणि १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्राला तीच मर्यादा लागू झाली. वाचायला बरं वाटतं. पण युरोपात रस्त्यावरच्या ट्रकच्या डिझेलमध्ये गंधक ०.००१ टक्का असतं. आपल्या बीएस-६ डिझेललाही तीच मर्यादा आहे. म्हणजे बंदरातलं ‘स्वच्छ’ इंधनसुद्धा आपल्या एसटीच्या डिझेलपेक्षा शंभरपट गंधकाचं. ट्रकला काजळी अडवणारी गाळणी सक्तीची, जहाजाला नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं, काजळी, आणि नाकाला कळणारही नाहीत असे अतिसूक्ष्म कण थेट हवेत जातात. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध वैद्यकानं पक्का केला आहे. २००७ साली जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशोब असा होता की जहाजांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे जगात वर्षाला सुमारे ६० हजार माणसं अकाली मरतात, आणि त्यांतली बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया यांच्या किनाऱ्यांलगत. दक्षिण आशिया म्हणजे आपणही आलो. हा हिशोब सगळ्या जहाजांचा आहे, मालवाहू धरून. पण मालवाहू जहाजं शक्यतो गावाबाहेर लागतात आणि क्रूझला गावाच्या काळजात यायचं असतं. तिकीटच त्याचं असतं.

ब्रसेल्समधली ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’ ही संस्था युरोपातल्या बंदरांचा असा हिशोब ठेवते. २०१७ साली क्रूझच्या गंधकाच्या धुरात बार्सिलोना पहिलं, पाल्मा दे मायोर्का दुसरं आणि व्हेनिस तिसरं होतं. एकट्या कार्निव्हल कंपनीच्या जहाजांनी युरोपच्या किनाऱ्यांवर त्या वर्षी सोडलेलं गंधकाचं ऑक्साइड खंडातल्या सगळ्या, म्हणजे २६ कोटी मोटारींच्या जवळजवळ दहापट होतं. साक्का फिझोलाच्या बाईंना हे आकडे माहीत नव्हते. त्यांना खिडकीची कड माहीत होती. उठून त्यांनी आम्हाला तळमजल्याच्या खिडकीशी नेलं आणि बोटानं कड कशी पुसायची, बोट कसं काळं व्हायचं ते करून दाखवलं. आता बोट बऱ्यापैकी स्वच्छ निघालं. त्यांनी ते आमच्यासमोर धरलं तेव्हा चेहऱ्यावर खरा आनंद होता, आणि मलाही झाला.

हा आनंद सहज मिळालेला नाही. २०१२च्या जानेवारीत जिल्यो बेटाजवळ कोस्टा कोन्कोर्दिया हे क्रूझ जहाज कलंडलं, बत्तीस माणसं गेली. त्यानंतर इटलीच्या सरकारनं चाळीस हजार टनांवरच्या जहाजांना ज्युदेक्कात बंदी घातली, पण पर्यायी मार्ग सापडेपर्यंत ती लागू करायची नाही असं त्याच आदेशात लिहिलं. पर्याय नऊ वर्षं सापडला नाही. ‘नो ग्रांदी नावी’, म्हणजे मोठी जहाजं नकोत, या नावाची नागरिकांची समिती उभी राहिली. लोक लहान होड्या घेऊन जहाजांपुढे जायचे. २०१७च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच मतदान घेतलं. सुमारे अठरा हजार लोकांनी मत दिलं आणि जवळजवळ सगळ्यांनी जहाजं खाडीबाहेर ठेवा असं सांगितलं. जान्नी बेरेंगो गार्दिन या वृद्ध छायाचित्रकारानं कृष्णधवल फोटो काढले: गल्लीच्या तोंडाशी अचानक उभी राहिलेली लोखंडी भिंत, खाली धुणं, वर हजार खिडक्या. २०१५ साली महापौरांनी या फोटोंचं प्रदर्शन दोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात होऊ दिलं नाही. ते सान मार्को चौकातल्याच दुसऱ्या जागेत भरलं आणि लोकांनी बघितलं. मग २ जून २०१९ ची सकाळ आली. ‘एमएससी ऑपेरा’ हे २७५ मीटरचं जहाज आवरेनासं झालं, भोंगा वाजवत सान बाझिलिओच्या धक्क्यावर आणि तिथे बांधलेल्या एका पर्यटक नौकेवर आदळलं. काही जण जखमी झाले. कुणी दगावलं नाही हे नशीब.

अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठी, १८० मीटरहून लांब, ३५ मीटरहून उंच किंवा ०.१ टक्क्याहून जास्त गंधकाचं इंधन जाळणारी जहाजं ज्युदेक्कातून आणि सान मार्कोसमोरून बंद झाली. हे जलमार्ग राष्ट्रीय स्मारक ठरले. त्याआधी युनेस्कोनं व्हेनिसला धोक्यातल्या वारशांच्या यादीत घालायची तयारी केली होती, त्याचा धाक होताच. ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’च्या २०२२च्या हिशोबात व्हेनिस तिसऱ्या क्रमांकावरून एकेचाळिसाव्यावर गेलं; क्रूझच्या गंधकाचा धूर ऐंशी टक्क्यांनी उतरला. बंदीनं काय होतं, याला यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही.

पण जहाजं गेली कुठे? काही त्रिएस्ते आणि राव्हेन्नाकडे. बाकीची मार्गेराला. आणि मी उतरले होते मार्गेरातच, कारण व्हेनिसमधल्या खोलीचं भाडं मला परवडणारं नव्हतं.

मार्गेरा म्हणजे व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा औद्योगिक भाग. बसनं लांबलचक पुलावरून जाताना एका खिडकीतून घुमट आणि मनोरे, दुसऱ्या खिडकीतून टाक्या, क्रेन आणि धुराडी दिसतात. १९१७ साली इथे औद्योगिक बंदर ठरलं, कामगारांसाठी झाडांच्या रस्त्यांची वसाहत झाली, पुढे पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने आले. प्लास्टिकसाठी लागणारा व्हिनाइल क्लोराइड वायू इथे हाताळत होते. यकृताच्या दुर्मिळ कर्करोगानं आपले सोबती का मरताहेत, याच्या नोंदी गाब्रिएले बोर्तोलोझ्झो या कामगारानं वर्षानुवर्षं एकट्यानं गोळा केल्या आणि १९९४ साली त्या सरकारी वकिलापुढे ठेवल्या. पुढच्याच वर्षी सायकलवर असताना अपघातात तो गेला. खटला १९९८ साली उभा राहिला; २००१ मध्ये सगळे आरोपी सुटले, २००४च्या अपिलात पाच जण दोषी ठरले. धूर म्हणजे काय हे या वस्तीला कुणी शिकवायला नको.

आता मोठी क्रूझ जहाजं दक्षिणेकडच्या मालामोक्कोच्या मुखातून आत येतात आणि साठच्या दशकात तेलवाहू जहाजांसाठी खणलेल्या कालव्यानं मार्गेराच्या मालधक्क्यांना लागतात. “हा कालवा म्हणजे माझा प्रबंध,” आमची मुलगी म्हणाली. भोवतालची खाडी सरासरी मीटर-दीड मीटर खोल, आणि तिच्या पोटात बाराएक मीटरचा हा चर. मोठं जहाज त्यातून गेलं की बाजूचं पाणी आधी ओढलं जातं, मग लोट परत येतो, आणि दर खेपेला उथळ कडेचा गाळ ढिला होऊन कालव्यात उतरतो. तो गाळ उपसावा लागतो. त्यात कारखान्यांनी सोडलेले जड धातू आहेत. खाडीचा हा मधला भाग त्यामुळे खोल होत चाललाय, पाणवनस्पती आणि चिखलाचे उंचवटे नाहीसे होताहेत. उथळपणा गेला की ती खाडी उरत नाही, समुद्र होतो. हे सांगताना ती चिडली होती. तिला चिडलेली पाहून मला बरं वाटलं.

माझं म्हणणं इथे स्पष्ट सांगते. व्हेनिसनं आधी देखावा वाचवला. तो वाचवायलाच हवा होता, त्यात दुमत नाही. पण बंदीच्या नकाशावर रेघ ओढली ती घुमटांभोवती. धूर खिडकीतल्या चित्रातून गेला, त्याबरोबर जगाचं लक्षही गेलं. जहाजं कमी झाली याचा फायदा मार्गेरालाही मिळाला असेल. पण जी येतात ती ज्यांच्या दाराशी जनित्रं चालू ठेवून दिवसभर उभी राहतात, ते कामगार आहेत, बांगलादेशातून आलेली कुटुंबं आहेत, निवृत्त लोक आहेत. त्यांच्यासाठी कुणी नवस बोललेला नाही.

मार्गेरातल्या एका सुपरमार्केटात मला मराठी ऐकू आलं. नूडल्सच्या पाकिटांपाशी तिशीतला एक मुलगा फोनवर घरी बोलत होता, गुहागरकडचा हेल. मी थांबले, त्यानं फोन ठेवल्यावर विचारलं. तो बोटीवर होता, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. दोन-तीन तासांची सुट्टी होती. कोकणातली आणि गोव्यातली किती घरं अशी बोटीवर चालतात! गोव्यात तर ‘तारवटी’, म्हणजे बोटीवर काम करणारे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. त्यानं मला ताई म्हटलं आणि एक चॉकलेट पुढे केलं.

मी धुराचं विचारलं. तो म्हणाला, “ताई, पॅसेंजरच्या डेकवर वारा फिरला तर खुर्च्या आत घेतात, डेक बंद करतात. आमचा स्मोकिंगचा कोपरा मागच्या बाजूला. काजळी आमच्याच युनिफॉर्मवर पडते.” मग स्वतःहूनच म्हणाला, “जर्मनीत कीलला लागलो ना, की कधी कधी किनाऱ्याची वीज जोडतात. केबल लावून. तेव्हा इंजिनवाले पोरं पण झोपतात.” ही काही नवी विद्या नाही. अलास्कातल्या जुनोला २००१ सालापासून क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरची वीज मिळते आहे. युरोपनं मोठ्या बंदरांत प्रवासी आणि कंटेनर जहाजांना २०३० पासून ती सक्तीची केली आहे. जहाजात सोय करायला खर्च, धक्क्यावर उपकेंद्र उभारायला खर्च, आणि तो कुणी करायचा यावर बंदर आणि कंपनी एकमेकांकडे बघत राहतात.

बोलणं २०२०वर गेलं. योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं अडकली, सातशेहून जास्त जणांना कोविड झाला. जहाजावर १३८ भारतीय होते, बहुतेक सगळे कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये बंद आणि त्यांना जेवण पोचवणारे हात हेच. हा मुलगा दुसऱ्या जहाजावर होता. प्रवासी उतरले, पुढे कुठलंच बंदर घेईना. कित्येक आठवडे त्यानं घराचा किनारा दुरून पाहिला. त्या एप्रिलात मुंबईच्या बाहेरही शंभरावर भारतीय कर्मचारी घेऊन एक क्रूझ परवानगीची वाट पाहत उभं होतं. तो म्हणाला, “आई रोज विचारायची, उतरवत का नाहीत. काय सांगणार?”

लाझारेत्तोतली लाल अक्षरं मला तेव्हा आठवली. जहाज अडवणं हे काम अर्धंच. ज्याला अडवलं त्याची जबाबदारी घेणं हे उरलेलं अर्धं, आणि ते पंधराव्या शतकातल्या शहराला जमलं होतं.

मुंबईलाही हे माहीत असायला हवं. १८९६च्या सप्टेंबरात गोदीलगतच्या मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरनं ओळखला. बंदरातून आलेला तो रोग गोदीशेजारच्या दाट चाळींत सगळ्यांत आधी भडकला. १८९७चा साथरोग कायदा त्याच धावपळीत आला, हाफकिननी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस केली, आणि पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत जे अत्याचार झाले ते मराठी माणसाला सांगायला नकोत. सरकारनं बंदराची शिस्त जहाजांना लावण्याऐवजी माणसांना लावली की काय होतं, ते आपल्या पणज्यांनी भोगलं आहे.

आता बॅलार्ड पिअरला जहाजं वाढतील. वाढू देत, त्या मुलासारख्या हजारोंच्या घरात त्यावर चूल पेटते, आणि मला ती विझवायची नाही. पण अटी पहिल्याच दिवशी घालाव्या लागतात, कारण जहाजं यायची सवय लागली, दुकानं उभी राहिली, माणसं कामाला लागली की नऊ-नऊ वर्षं पर्याय सापडत नाही. जहाज बांधलं की किनाऱ्याची वीज जोडायची आणि जनित्र बंद. ज्या जहाजात ती सोय नाही त्याला चढा दर. धुराड्यातली गंधकाची वाफ समुद्राच्या पाण्यानं धुऊन ते आम्लाचं पाणी खाडीतच सोडायची यंत्रं बसवलेली जहाजं असतात, ती बंदरात चालू द्यायची नाहीत. न्हाणीघरांचं आणि धुण्याचं सांडपाणी मोजून धक्क्यावर उतरवायचं. आंतरराष्ट्रीय नियमात मैल्याला मर्यादा आहे, या पाण्याला नाही. केंद्राच्या २०२३च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांत किनाऱ्यावरून वीज देण्याचा मुद्दा आहेच. तो कागदावरून धक्क्यावर यायला शेजारी राहणाऱ्यांनी विचारावं लागेल. माझगाव, डोंगरी, वाडीबंदर, शिवडी या वस्त्या धक्क्याला पाठ लावून आहेत, आणि समुद्रावरून येणारा वारा त्यांच्याच खिडक्यांतून आत येतो.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मुलीनं विचारलं, “मावशी, तुमच्या गोदीजवळ हवा मोजायचं केंद्र आहे का?” आहे. माझगावातच आहे, आणि त्याचे आकडे तासातासाला मिळतात. क्रूझ कधी लागणार, कधी सुटणार याचं वेळापत्रकही मिळू शकतं. तिनं मला आकडे कसे उतरवून घ्यायचे, वाऱ्याची दिशा कुठे बघायची, पावसाळ्याचे दिवस वेगळे का ठेवायचे, हे माझ्या वहीत लिहून दिलं. शाळेतल्या दोन जुन्या मैत्रिणी अजून माझगावला राहतात. एकीच्या नातवाला दमा आहे. आम्ही तिघी येत्या हंगामापासून नोंदी ठेवणार आहोत.